इंजेक्शनवालं आउटबोर्ड ओढेनासं झालं, तर तपासणी कुठून सुरू करायची

इंजिन पहिल्या झटक्यात सुरू होतं, जेटीवर उभं असताना घड्याळासारखं चालतं, पण खाडीच्या तोंडाशी थ्रॉटल पुढे ढकलला की होडी नाक वर करते, दोन मिनिटं पळते आणि दम सोडते. इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोक पेट्रोल आउटबोर्डची, म्हणजे होडीच्या मागे बाहेरून लावलेल्या इंजिनाची, ही नेहमी ऐकू येणारी तक्रार. मालक बहुधा सरळ इंजेक्टर साफ करायला पाठवतो नाहीतर महागडा पंप मागवतो. खोट निघते टाकीच्या झाकणावरच्या हवेच्या स्क्रूत, पाइपाच्या ओ-रिंगमध्ये किंवा पावसाळाभर पडून राहिलेल्या पेट्रोलमध्ये. म्हणून या लेखातला क्रम स्वस्ताकडून महागाकडे आणि बाहेरून आत असा ठेवला आहे. पायऱ्या गाळू नका.

आधी पेट्रोलची वाट डोळ्यांसमोर आणा. टाकीतून ते हाताने दाबायच्या रबरी बल्बात येतं, तिथून पाणी वेगळं करणाऱ्या फिल्टरमधून इंजिनावरच्या छोट्या फिल्टरकडे आणि मग कमी दाबाच्या पंपाकडे जातं. हा पंप ते व्हेपर सेपरेटर नावाच्या छोट्या डब्यात भरतो. कार्बुरेटरसारखाच त्यातही फ्लोट आणि सुई असते. बहुतेक इंजिनांत जास्त दाबाचा विजेवरचा पंप याच डब्यात बसवलेला असतो आणि तो रेल नावाच्या नळीतून इंजेक्टरना, म्हणजे पेट्रोल फवारणाऱ्या नोझलना, पेट्रोल देतो. डब्यापर्यंतची बाजू कमी दाबाची, पुढची जास्त दाबाची. कार्बुरेटरचं इंजिन थोडी हवा, थोडा कचरा, कमजोर बॅटरी खपवून घेतं. इंजेक्शनचं घेत नाही.

समुद्रात असतानाच बघायच्या गोष्टी

वेग मंदावला की आधी थ्रॉटल मागे घ्या, लाइफ जॅकेट घाला आणि वारा किंवा ओहोटी खडकाकडे ओढत असेल तर नांगर टाका. मदत लागली तर व्हीएचएफचा १६ नंबरचा चॅनल आहे आणि तटरक्षक दलाचा फोन १५५४. हे झालं की तीन प्रश्नांची उत्तरं मनात नोंदवा. आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) चढला पण होडी पळाली नाही, की आरपीएमच चढला नाही? बझर वाजला का, दिवा लागला का? ताकद एकदम गेली, की हळूहळू, की आचके देत? किनाऱ्यावर परतल्यावर ही उत्तरं नीट आठवत नाहीत, आणि मेकॅनिकला त्यांच्याइतकं उपयोगी दुसरं काही नसतं.

आरपीएम चढतो पण वेग येत नाही, तर इंजिनाला दोष देऊ नका. पंख्याच्या मधोमध रबराचा हब असतो. तो सुटला की शाफ्ट फिरतो आणि पंखा मागे राहतो. खात्रीसाठी पंख्याच्या अंगावर आणि शाफ्टच्या टोकावर मार्करने एकच सरळ रेघ ओढा आणि एक फेरी मारून या. रेघा एकमेकींपासून सरकल्या असतील तर हब गेला. अशा वेळी थ्रॉटल कमी ठेवून सावकाश किनारा गाठता येतो.

आरपीएम चढतच नाही, तर पंख्यात जाळ्याचा नायलॉन, दोरी किंवा प्लास्टिकची पिशवी अडकली आहे का बघा. हात घालण्याआधी किल्ली बंद करून किल स्विचची लाल दोरी काढायचीच. तळाला शिंपले धरले असतील, दुहेरी तळात पाणी भरलं असेल किंवा कोणी जास्त पिचचा, म्हणजे एका फेरीत जास्त पुढे नेणारा, पंखा बसवला असेल तरी हेच लक्षण दिसतं. पिच एक इंच वाढली की पूर्ण थ्रॉटलवरचा आरपीएम साधारण १५० ते २०० ने उतरतो. बऱ्याच फोर-स्ट्रोक आउटबोर्डना पूर्ण थ्रॉटलवर ५००० ते ६००० च्या पट्ट्यात पोहोचता आलं पाहिजे. तुमच्या इंजिनाचा नेमका पट्टा माहितीपुस्तिकेत असतो. तो इंजिनावर चिकटवून ठेवा.

बझर वाजला असेल तर

बझरसोबत इंजिन साधारण २००० ते ३००० आरपीएमच्या आत अडकून बसलं, तर ती ताकद गेलेली नसते, इंजिनाच्या कॉम्प्युटरने मुद्दाम काढून घेतलेली असते. कारण बहुधा दोनांपैकी एक असतं: इंजिन तापलंय किंवा तेलाचा दाब कमी आहे. किल्ली बंद-चालू करून बझर गप्प करायचा आणि पुन्हा पूर्ण थ्रॉटल द्यायचा, ही इंजिन जाम करण्याची खात्रीची पद्धत आहे.

इंजिन थंड करून मागून पडणारी पाण्याची धार बघा. बारीक झाली असेल तर आधी तिच्या नळीच्या तोंडात पातळ तार घालून मीठ आणि वाळू काढा, कारण कित्येकदा अडथळा तेवढाच असतो. मग पाणी आत घेणाऱ्या खालच्या जाळ्या बघा, पिशवी चिकटलेली सापडते. दोन्ही साफ असूनही धार कमजोर राहिली तर पाण्याच्या पंपातला रबरी इम्पेलर काढायचा. खाडीच्या तोंडावरच्या वाळूच्या दांड्यावरून रोज ये-जा करणाऱ्या होडीत तो एका हंगामातच झिजतो. जुन्या इम्पेलरची पाती मोजा. एखादं तुटलेलं असेल तर त्याचा तुकडा पाण्याच्या वाटेत कुठेतरी अडकलेला असतो, तो सापडल्याशिवाय नवा इम्पेलर बसवून फायदा नाही. नवा बसवताना रबराला साबणाचं पाणी लावा आणि इंजिन फिरतं त्याच दिशेने शाफ्ट फिरवत आत सरकवा, म्हणजे पाती योग्य बाजूला वळतात.

धार जोरात पडतेय म्हणून ब्लॉक थंडच आहे असं धरू नका. थर्मोस्टॅट (इंजिन तापल्यावर पाण्याची वाट उघडणारी झडप) मिठाने जाम झाला तरी धार पडत राहू शकते. याच्या उलट, थर्मोस्टॅट उघडाच अडकला तर इंजिन थंड राहतं, कॉम्प्युटर जास्त पेट्रोल सोडतो आणि त्यातलं थोडं तेलात उतरतं. म्हणून तेलाची कांडी काढताना पातळी खाली गेली आहे का, एवढंच पाहून थांबू नका. पातळी वर गेली असेल आणि तेलाला पेट्रोलचा वास असेल तर तेल पातळ झालंय. ते बदला आणि कारण शोधा. कमी दाबाच्या यांत्रिक पंपाचा पडदा फाटला तरी पेट्रोल तेलात जातं.

बल्बाची परीक्षा

बझर नाही, पंखा ठीक आहे, तरी वेगात गेल्यावर इंजिन मरतं? मग बरेचदा दोष कमी दाबाच्या बाजूला सापडतो. कारण साध्या गणितात आहे. ६० हॉर्सपॉवरचं फोर-स्ट्रोक पूर्ण थ्रॉटलवर तासाला साधारण २० ते २३ लिटर पेट्रोल पितं, न्यूट्रलमध्ये मात्र एक-दोन लिटर. अर्धवट तुंबलेला पाइप दोन लिटर आरामात सोडतो, वीस सोडत नाही. म्हणून जेटीवर बांधलेल्या होडीत इंजिन निर्दोष वाटतं.

यासाठी पाण्यात, दोन माणसांनी ही तपासणी करायची. एकाने फक्त सुकाण आणि थ्रॉटल सांभाळायचा.

१. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा. सुटी टाकी असेल तर बरीच प्रकरणं इथेच मिटतात. बांधीव टाकीच्या हवेच्या नळीच्या तोंडावर मातीचं घर करणाऱ्या गांधीलमाशा फार, तिथे बारीक तार घालून बघा.

२. बल्बावरचा बाण इंजिनाकडे आणि वर असा धरून बल्ब घट्ट होईपर्यंत दाबा. घट्टच होत नसेल तर बल्बातली झडप गेली आहे, कुठून तरी हवा शिरतेय किंवा सेपरेटरची सुई उघडी राहून पेट्रोल पुढे वाहून जातंय. शेवटच्या कारणात झाकणाखाली पेट्रोलचा वास येतो. तसा वास आला तर इंजिन सुरू करू नका.

३. होडी वेगात घ्या. ताकद गेली त्या क्षणी दुसऱ्याने बल्ब बघायचा. चपटा, चिंचेच्या बोटकासारखा बसला असेल तर टाकी आणि बल्ब यांच्यामध्ये अडथळा आहे: हवेचा स्क्रू, टाकीतल्या नळीची जाळी, टाकीच्या तोंडावरची एकदिशा झडप, नाहीतर पाइपाची आतून सुटलेली सालपटं. जुन्या पाइपाचं आतलं अस्तर इथेनॉलमुळे सुटतं आणि जोराच्या ओढीने झडपेसारखं मिटतं. बाहेरून तो पाइप नवाकोरा दिसतो.

४. बल्ब चपटा नसेल तर हाताने जोरजोरात दाबत राहा. इंजिन लगेच सावरलं तर दाबून भरलेलं पेट्रोल त्याला पोहोचत होतं, म्हणजे खेच कमी पडतेय: हवा शिरतेय किंवा कमी दाबाचा पंप थकलाय. बल्ब दाबूनही काहीच फरक पडला नाही, तर दोष पुढे आहे, पण त्याआधी पाचवी पायरी.

५. ताज्या पेट्रोलची वेगळी सुटी टाकी, तिचाच पाइप आणि तिचाच बल्ब थेट इंजिनाला जोडून तीच फेरी मारा. तक्रार गेली तर इंजिन निर्दोष आहे, होडीची टाकी, पाइप किंवा बाहेरचा फिल्टर तपासा. तक्रार तशीच राहिली तर झाकण उघडायचं. या एका पायरीने जेवढे पैसे वाचतात तेवढे इंजिनाच्या कॉम्प्युटरमधले दोषाचे कोड वाचणाऱ्या कुठल्याही स्कॅनरने वाचत नाहीत.

हवा कुठून शिरते ते शोधायला कमी दाबाच्या पंपाच्या आधी पेट्रोलला चालणारी पारदर्शक नळी वीतभर जोडा. बुडबुड्यांची माळ दिसली की मागे-मागे जात प्रत्येक जोड तपासा. पहिला संशय इंजिनाला लागणाऱ्या कनेक्टरच्या ओ-रिंगवर घ्या, दुसरा फिल्टरच्या वायसरवर. हवा आत खेचणाऱ्या फटीतून पेट्रोल बाहेर गळेलच असं नाही, म्हणून कोरडा जोड दिसला की सोडून देऊ नका. आणि पाइप बदलताना जाडी जुनीच ठेवा. ८ किंवा १० मिलिमीटर आतल्या व्यासाच्या जागी बाजारात मिळाला म्हणून ६ मिलिमीटरचा लावला की तीच तक्रार आपण स्वतः विकत घेतो.

पेट्रोल काचेच्या बरणीत

पश्चिम किनाऱ्यावर जून-जुलैमध्ये यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते आणि पर्यटनाच्या होड्याही पावसाळ्यात वर ओढलेल्या असतात. नारळी पौर्णिमेनंतर होडी पुन्हा पाण्यात जाते, ती बरेचदा मे महिन्यातलं पेट्रोल पोटात घेऊन. कोकणच्या दमट हवेत अर्धी भरलेली टाकी दोन-तीन महिने उभी राहिली की काय होतं, ते बरणीत दिसतं.

आपल्याकडे पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तिकांत मर्यादा मात्र १० टक्क्यांची लिहिलेली आढळते, तुमची पुस्तिका उघडून बघा. इथेनॉल पाणी शोषून घेतं. थोडं पाणी ते पोटात घेऊन फिरतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल दोन्ही मिळून पेट्रोलपासून सुटतात आणि तळाशी बसतात. टाकीतली नळी तळाजवळूनच ओढते. शिवाय वर उरलेल्या पेट्रोलमधून इथेनॉल निघून गेल्यामुळे त्याचा ऑक्टेनही (ठोके न देता जळण्याची क्षमता) उतरलेला असतो. त्यामुळे तळाचं पाणी काढून वरचं पेट्रोल वापरायची काटकसर करू नका.

टाकीच्या तळातून आणि फिल्टरच्या वाटीतून अर्धा-अर्धा लिटर नमुना स्वच्छ काचेच्या बरण्यांत घ्या आणि अर्धा तास न हलवता ठेवा. मोकळ्या हवेत, विडी-सिगारेटपासून लांब. खाली वेगळा थर दिसला तर टाकी पूर्ण रिकामी करून पुसायची. नमुना गढूळ असेल तरी पाण्याचाच संशय घ्या. रंग चहासारखा आणि वास व्हार्निशसारखा, तर पेट्रोल शिळं होऊन चिकटा धरलाय. काळे कण दिसले तर रबरी पाइप आतून झिजतोय. फायबरच्या जुन्या टाकीत राळ विरघळून येण्याचीही शक्यता असते, ती इंजिनात गेली की झडपांवर काळा चिकट थर बसतो.

काही ठिकाणी दर परवडावा म्हणून पेट्रोलमध्ये रॉकेल मिसळायची सवय आहे. जुन्या, रॉकेलसाठीच बनवलेल्या टू-स्ट्रोक इंजिनांना ते चालतं. इंजेक्शनच्या फोर-स्ट्रोकमध्ये ऑक्टेन पडतो, ठोके ऐकू येतात आणि पिस्टनची वाट लागते.

पाणी वेगळं करणारा बाहेरचा फिल्टर १० मायक्रॉनचा घ्या. १०० तासांनी किंवा वर्षातून एकदा बदला, आणि खराब पेट्रोल सापडलं असेल तर टाकी साफ करून नवा लावल्यावर दहा-वीस तासांनी तो पुन्हा बदला. वायसरला तेलाचं बोट लावून हातानेच आवळायचा, पान्याने नाही.

झाकणाखाली

इथपर्यंत काही सापडलं नसेल तरच. काम उघड्या हवेत करा, अग्निशामक हाताशी ठेवा आणि बॅटरीची ऋण तार काढा. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती तळात साचून राहते. इंजिन बंद केल्यावरही रेलमध्ये दाब असतो, म्हणून कुठलाही जोड सोडण्याआधी रेलवरच्या झडपेवर फडकं धरून तो सोडा.

इंजिनावरचा छोटा फिल्टर बदला. सेपरेटरच्या तळाशी निचऱ्याचा स्क्रू असतो, त्यातून निघालेलं पेट्रोल पुन्हा बरणीत. पाणी किंवा हिरवट चिकटा निघाला तर डबा खोलून आतली जाळी, फ्लोट आणि सुई साफ करावी लागतात. गास्केट आधी आणून ठेवा, जुनं फुगतं आणि परत बसत नाही. इंजिन गरम असताना पंधरा-वीस मिनिटं बंद ठेवून पुन्हा सुरू केल्यावरच जर ते गडबडत असेल, तर डब्यातलं पेट्रोल उकळून वाफ धरतंय. अशा वेळी दोन मिनिटं झाकण उघडं ठेवा आणि बल्ब दाबा.

बॅटरीची तार परत जोडून किल्ली फिरवली की विजेवरचा पंप काही सेकंद गुणगुणतो. ऐका. आवाज नाही तर आधी फ्यूज आणि रिले. आवाज आहे, पण ताकद नाही, तर रेलच्या झडपेला प्रेशर गेज लावायचा. बऱ्याच आउटबोर्डमध्ये दाब २.५ ते ३ बारच्या आसपास असतो, अंतिम आकडा तुमच्या इंजिनाच्या सर्व्हिस पुस्तकाचा. न्यूट्रलमध्ये दाब बरोबर येणं पुरेसं नाही, भार पडल्यावर तो टिकतो का हे बघायचं. भाराखालची ही चाचणी मेकॅनिककडून करून घ्या. डब्यात पेट्रोल भरपूर असूनही दाब पडतो, तर पंप, त्याची जाळी किंवा रेग्युलेटर. आता कुठे तो महागडा पंप मागवायचा विचार करायचा.

वीज

हे नवखे विसरतात. पंप, इंजेक्टर, कॉइल आणि कॉम्प्युटर सगळं १२ व्होल्टवर चालतं, आणि खारी हवा तांब्याला आतून खाते. मल्टिमीटर घ्या. इंजिन बंद असताना बॅटरी १२.४ ते १२.७ व्होल्ट, स्टार्टर फिरताना साधारण १० च्या खाली नको, चालू इंजिनावर १३.५ ते १४.५. मग चालू इंजिनावरच एक टोक बॅटरीच्या ऋण खांबावर आणि दुसरं इंजिनाच्या रंग खरवडलेल्या धातूवर ठेवा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थिंगच्या जोडात गंज आहे. बॅटरीवर फुलपाखरी नट असतील तर काढून नायलॉनच्या कड्याचे लॉकनट लावा, लाटांच्या हादऱ्याने फुलपाखरी नट सैल होतात आणि इंजिन आचके देतं. हिरवा पडलेला जोड घासून चालत नाही, तार कापून नवं टर्मिनल लावा.

एक सिलिंडर मेला असेल तर

इंजिन थरथरतं, आवाज विस्कटलेला येतो आणि आरपीएम एका ठरावीक ठिकाणी अडतो. सगळे प्लग काढून क्रमाने फळीवर मांडा. फिकट तपकिरी ठीक. एकच प्लग ओला आणि काळा, तर त्या सिलिंडरला ठिणगी मिळत नाही. एकच पांढराफटक, तर पेट्रोल कमी. वाफेने धुतल्यासारखा लख्ख असेल तर पाणी आत जातंय, तिथे थांबा आणि वर्कशॉप गाठा. ठिणगी देणारी कॉइल शेजारच्या सिलिंडरवर बदलून बघा: दोष कॉइलबरोबर सरकला तर कॉइल गेली. फुकटात होणारी यापेक्षा चांगली चाचणी नाही.

इंजेक्टर चालतो का, ते लांब स्क्रूड्रायव्हरचं टोक त्यावर आणि मूठ कानावर धरून ऐका. सगळ्यांची टिकटिक सारखी हवी. शेवटी कॉम्प्रेशन, म्हणजे प्रत्येक सिलिंडरमधला दाब गेजने मोजणं: सगळे प्लग बाहेर, ठिणगी बंद, थ्रॉटल पूर्ण उघडा, बॅटरी भरलेली. काही इंजिनांत सुरू करताना दाब सोडणारी यंत्रणा असते, त्यामुळे आकडा किती आला यापेक्षा आकड्यांमधला फरक महत्त्वाचा. तीन सिलिंडरांत १२, १२, ११.५ बार चालेल. १२, १२, ९ म्हणजे तिसऱ्यात झडप, रिंग किंवा हेड गास्केट, आणि मग इंजेक्शनचा विषय तिथेच संपतो.

थ्रॉटल आणि सेन्सर

इंजिन बंद ठेवून लिव्हर पूर्ण पुढे करायला सांगा आणि झाकणाखाली थ्रॉटलची पाकळी खरंच पूर्ण उघडते का ते डोळ्यांनी बघा. केबल ताणल्यामुळे ती तीन-चतुर्थांशच उघडत असेल तर बाकी सगळं ठाकठीक असूनही ताकद मिळणार नाही. हवेच्या वाटेत चिंधी किंवा घरटं नाही ना, मॅनिफोल्ड दाबाच्या (इंजिनात जाणाऱ्या हवेचा दाब मोजणाऱ्या) सेन्सरची नळी चिरलेली नाही ना, एवढं बघून सेन्सरचं बाकी काम स्कॅनरवर सोडा. अंदाजाने सेन्सर बदलत बसणं हा सर्वांत महागडा मार्ग. स्कॅनरवर जुने कोड दिसले तर लिहून घेऊन पुसा, फेरी मारा आणि परत आलेलाच कोड खरा धरा.

दुरुस्ती झाल्यावर जमिनीवर इंजिन चालवून समाधान मानू नका. पाण्याशिवाय तर क्षणभरही चालवायचं नाही, जाळ्यांवर रबरी वाट्या लावून नळ सोडायचा. खरी चाचणी पाण्यात, नेहमीइतक्या माणसांसह, पूर्ण थ्रॉटलवर सलग दहा मिनिटं. त्या वेळचा आरपीएम, वेग आणि बॅटरीचे व्होल्ट वहीत लिहा. पुढच्या वर्षी ताकद कमी वाटली की ती खरंच कमी झाली आहे, की फक्त होडी जड झाली आहे, हे याच तीन आकड्यांवरून कळतं.